कुंपणालगतची आठ वर्षांची जास्वंदं पावसाळ्यात एकेक करून का वाळतायत? माती काळी आहे, ओलीही आहे, तरी पानं मलूल पडतात. उन्हाळ्यात तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत.

पाणी कमी पडून नाही, बहुतेक मुळं कुजून मरतायत. माती ओली असूनही पानं मलूल पडतात आणि सकाळपर्यंतही सावरत नाहीत, म्हणजे मुळांना पाणी ओढताच येत नाहीये. काळ्या मातीत पाणी तुंबलं की हवेला जागा उरत नाही, मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते. त्यात उन्हाळ्यात कुंपणालगत पेव्हर ब्लॉक बसवल्याचं तुम्हीच लिहिलंय. पाण्याची वाट तिथेच अडली असावी. खात्रीसाठी बुंध्यापासून वीतभर अंतरावर खणा आणि एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला, तर कूजच. मुळं कुरतडलेली आणि मातीत पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या, तर मात्र हुमणी. तिचा उपाय वेगळा. कूज असेल तर, खोड नखाने खरवडल्यावर सालीखाली हिरवं दिसेल त्या झाडांजवळ चर काढून पाणी बाहेर काढा. खत आत्ता नको (लोक नेमकं तेच घालतात). एखादीच फांदी वाळत असेल तर हे निदान लागू नाही. तिथे खोडकिड्याचं भोक शोधा.