‘सिक्युरिटी हेल्पर’च्या ऑफरबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पंधरा वर्षं फौजेत, दीड वर्षापूर्वी पेन्शनीत आलात, कांजूरमार्गला घर, पवईतल्या एका सोसायटीत सुपरवायझर म्हणून 24 हजार मिळतात. अंधेरीचा एजंट इराकमध्ये ‘सिक्युरिटी हेल्पर’चं काम देतोय. महिना 2 लाख, राहणं-खाणं वेगळं. त्यासाठी साडेतीन लाख भरायचे आणि आधी व्हिजिट व्हिसावर दुबई गाठायची. वहिनी नको म्हणतायत. शेवटी विचारलंय, हे भाडोत्री सैनिकाचं काम आहे का, कायद्यात अडकेन का?

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि 2012 ते 2015 काबूलला गेटवर उभा होतो. त्यानंतर काही महिने जहाजांवर. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

कायद्याचं आधी उरकतो, कारण तो तुमच्या काळजीचा सगळ्यात लहान भाग आहे. भाडोत्री सैनिक कुणाला म्हणायचं ते जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या जोडकरारात कलम 47 मध्ये लिहिलंय. सहा अटी आहेत. लढण्यासाठीच भरती केलेला, प्रत्यक्ष लढलेला, पैशासाठी आलेला आणि बरोबरीच्या सैनिकापेक्षा बराच जास्त पैसा कबूल केलेला, लढणाऱ्या देशांचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला, त्यांच्या सैन्यात नाव नसलेला, आणि तिसऱ्या देशाने सरकारी कामावर पाठवलेला नसलेला. सहाही एकाच माणसाला लागू व्हाव्या लागतात, एक निसटली की माणूस सुटला. कंपाउंडच्या गेटवर गाड्या तपासणारा गार्ड यात बसत नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 153 आहे: भारताशी सलोखा असलेल्या परकी सरकारविरुद्ध युद्ध केलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. गेटवरच्या माणसाने त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. ‘हेल्पर’ म्हणून नेऊन खंदकात बसवलं तर गोष्ट वेगळी, त्यावर पुढे येतो.

आणि भाडोत्री या शब्दाने एवढं दचकू नका. आपल्या इतिहासात गारदी पावलोपावली आहेत. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी आपल्या बाजूने लढले. 1773 मध्ये थकलेल्या पगाराची ओरड करत शनिवारवाड्यात घुसले तेही गारदीच, आणि त्यात नारायणराव पेशवे मारले गेले. पण गारद्याला निदान आपला धनी कोण ते ठाऊक होतं. पगार थकला तर कुणाच्या वाड्यात शिरायचं हे त्याला एजंटाला विचारावं लागत नव्हतं.

तुम्हाला ठाऊक आहे का? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. ऑफर लेटर काढा आणि बघा, तुमचा मालक म्हणून कुणाचं नाव आहे.

माझं सांगतो. वरचं कंत्राट एका पाश्चात्त्य सरकारचं. ते एका परदेशी सिक्युरिटी कंपनीकडे. तिने माणसं पुरवायचं काम दुबईतल्या एका कंपनीला दिलेलं, आणि त्या कंपनीने मुंबईतल्या एजंटाला. मी या शिडीच्या पाचव्या पायरीवर. मुंबईत सही केलेल्या कागदावर महिना 1,400 डॉलर होते. दुबईत तीन दिवस एका खोलीत आठ जण, चौथ्या रात्री साडेअकराला एक पोरगा नवा करार घेऊन आला. 1,050 डॉलर. सही करा, नाहीतर परतीचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढा. प्रत्येकाच्या डोक्यावर एजंटाला दिलेल्या पैशांचं कर्ज. सात जणांनी सही केली. आठवा कोरेगावचा, शिव्या घालत परत गेला. त्याची आज पोल्ट्री आहे आणि तो आम्हा सगळ्यांपेक्षा बरा आहे.

काम काय होतं? चाकं लावलेला आरसा गाडीखाली सरकवायचा, बॉनेट आणि डिकी उघडायला लावायची, आणि सगळा वेळ ड्रायव्हरच्या हातांकडे बघायचं. बारा तास. थंडीत आरशावर बर्फ धरायचं, ते हातमोज्याने पुसायचं. पुढची-मागची प्लेट धरून बुलेटप्रूफ जॅकेट दहा-बारा किलोचं. प्लेटच्या मागे स्टिकर असतं, त्यावर मुदतीची तारीख. माझी प्लेट दीड वर्षापूर्वीच संपलेली. सुपरवायझरला दाखवली तर म्हणाला, ‘प्लेट आहे, दूध आहे का नासायला?’ त्याची स्वतःची प्लेट नवी होती. त्याचा पगार दिवसावर, आमचा महिन्यावर. त्याला दोन दिवसांत मिळायचं ते आम्हाला महिनाभर उभं राहून. इंग्रजीत आम्हाला ‘थर्ड कंट्री नॅशनल’ म्हणायचे, रोजच्या बोलण्यात नुसतं टीसीएन. मेस वेगळी, बंकरही वेगळा. स्वयंपाकी मात्र राजापूरचा होता, त्याने रविवारी कुळथाचं पिठलं केलं की आठवडा निघायचा.

गोळीबाराला फौजी माणूस घाबरत नाही, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पण अशा कामात गोळीबार क्वचितच असतो. धोका असतो क्वार्टरपासून पोस्टपर्यंतच्या रस्त्यावर. 20 जून 2016 ला काबूलमध्ये जलालाबाद रोडवर कॅनडाच्या दूतावासाच्या गार्डांची मिनीबस आत्मघाती हल्ल्यात उडाली. डझनाहून जास्त माणसं गेली, बहुतेक नेपाळी, काही भारतीय. बसला चिलखत नव्हतं. मी तेव्हा परत आलो होतो, ठाण्याला रिक्षाच्या रांगेत उभा असताना मोबाईलवर बातमी वाचली. मीही तशाच बसमधून जायचो, खिडकीला पडदा लावला की सुरक्षित वाटायचं.

आता मेल्यावर काय, हे वहिनींसमोर बसून वाचा. वरचं कंत्राट अमेरिकन सरकारचं असेल तर ‘डिफेन्स बेस ॲक्ट’ नावाचा 1941 चा कायदा लागू होतो. तो माणसाचं नागरिकत्व बघत नाही. कामामुळे मृत्यू झाला तर विधवेला पगाराच्या निम्मी रक्कम, मुलं असतील तर दोन तृतीयांशापर्यंत. जखमेची सूचना 30 दिवसांत द्यायची आणि दावा साधारण वर्षाच्या आत लावायचा. 2004 मध्ये बारा नेपाळी कामगारांना जॉर्डनमधल्या कामाच्या थापा मारून इराककडे नेलं, वाटेत त्यांचं अपहरण झालं आणि सगळे मारले गेले. त्यांच्या वारसांना 2008 मध्ये याच कायद्याखाली भरपाई मंजूर झाली, कारण उपकंत्राटांची साखळी वर अमेरिकन कंत्राटापर्यंत जोडता आली. काबूलच्या त्या बसमधल्या गार्डांना हा कायदा नव्हता. कंत्राट कॅनडाचं होतं. म्हणून सांगतो, वरचा धनी कोण हे विचारणं आगाऊपणा नाही. मूळ कंत्राट कुणाचं, त्याचा नंबर काय, विमा कुठल्या कंपनीचा, हे तिन्ही कागदावर आलं पाहिजे. एजंट म्हणेल, ‘कॉन्फिडेन्शियल आहे.’ तेव्हा चहा संपवा आणि उठा.

तुमची इथली पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी असेल तर तिच्या अपवादांची यादी वाचा. युद्ध आणि युद्धसदृश स्थिती त्यात बहुधा असतेच.

आता साडेतीन लाख. परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. परवाना खरा की खोटा ते सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नाव टाकून पाच मिनिटांत दिसतं. एक गोम मात्र आहे. इराक, अफगाणिस्तान, लिबिया, येमेन धरून अठरा देश असे आहेत की तिथे ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ पासपोर्टवाल्याला कामासाठी जायचं तर सरकारची मंजुरी लागते. तुम्ही दहावी पास, म्हणजे तुमचा पासपोर्ट बहुधा ईसीआर नसलेला. त्या मंजुरीची गरज तुम्हाला नाही, आणि एजंटाला नेमका तुमच्यासारखाच माणूस हवा असतो. त्यात व्हिजिट व्हिसावर दुबई म्हटल्यावर सरकारदरबारी तुम्ही फिरायला गेलेले. उद्या काही झालं तर तुम्ही कामाला गेला होतात हे सिद्ध करण्यापासून घरच्यांची सुरुवात.

आता ‘हेल्पर’. हा शब्द मला इराकपेक्षा जास्त खटकला. रशियात गेलेल्या आपल्या पोरांना हाच शब्द सांगितला होता. सैन्यात मदतनीस, स्वयंपाकघर, सामान उचलणं, आघाडीपासून लांब. करार रशियन भाषेत, पोरांना वाचता येईना. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरतचा 23 वर्षांचा एक तरुण युक्रेनच्या आघाडीवर मारला गेला. मार्चमध्ये सीबीआयने मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून देशभर छापे घातले, त्यात आपली मुंबईही होती. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये दिलेला हिशेब असा: अशी 126 प्रकरणं, 96 जण परतले, 12 मेले, 16 जणांचा पत्ता नाही. तुमच्या एजंटाला विचारा, ‘हेल्पर’ला बंदूक मिळणार की नाही? मिळणार असेल तर तो गार्ड आहे, मग करारात गार्ड लिहा. मिळणार नसेल तर पंधरा वर्षं नोकरी केलेला फौजीच कशाला हवा?

जहाजावरच्या गार्डचं विचारलंत, त्यात मी फार राहिलो नाही. तीन-चार जणांची टीम असते, आणि लाल समुद्रात 2023 च्या अखेरीस पुन्हा गरमागरम झालं होतं. तिथेही मालक कोण हाच घोळ. 2013 मध्ये तुतिकोरिनजवळ ‘सीमन गार्ड ओहायो’ नावाचं जहाज शस्त्रांसकट पकडलं, 35 जण आत, त्यात भारतीयही होते. त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. चार वर्षं गेली ती गेलीच. बंदुका कंपनीच्या, जेल गार्डांना.

मग जाऊच नये का? असं मी म्हणत नाही. त्या 1,050 डॉलरांवर माझ्या मुलीचं नर्सिंग झालं आणि डोंबिवलीचा वन-रूम-किचन सुटला. परवानाधारक एजंट, रोजगाराचा व्हिसा इथूनच, करारात पद आणि पगार आणि विमा, एवढं असेल तर वहिनींना समजावायला मी स्वतः येईन. नसेल तर पवईचे 24 हजार बरे.

जायचं ठरलंच तर एक फाइल घरी ठेवून जा. करार, विम्याची पॉलिसी, व्हिसा, कंपनीच्या प्रत्येक पायरीचा पत्ता. पासपोर्टची प्रत तर हवीच, कारण तिथे पोचल्यावर मूळ पासपोर्ट ऑफिसात जमा करून घेतात. तसं करणं बरोबर नाही, पण करतात. आणि बायकोचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये. आमच्यातला एक जण गेला, बॉम्बने नाही, हार्ट अटॅकने. डिस्चार्ज बुकात बायकोचं माहेरचं नाव, विम्यात सासरचं, आधारवर तिसरंच. वहिनी दोन वर्षं तहसील आणि नोटरीच्या चकरा मारत होत्या. शेवटी गॅझेटमध्ये नाव छापून आणलं तेव्हा पैसे हलले.

रविवारी दुपारी मी घरी असतो. येताना इंग्रजी करार आणा, एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी गोषवारा नको. वहिनींनाही आणा. तोपर्यंत एक रुपयाही देऊ नका, ‘टोकन’ म्हणूनसुद्धा नाही.