मत, मतदान आणि कौल

प्रश्न असा आलाय की ‘वोट’ला पण मत आणि ‘ओपिनियन’ला पण मत, हे कसं काय, आणि निकालाच्या दिवशी जो ‘जनतेचा कौल’ म्हणतात तो म्हणजे मतच ना?

पहिलं पटकन. मत हे संस्कृत मन् धातूचं रूप, म्हणजे विचार करून झालेलं. मनन, मंतव्य, संमती सगळी त्याच घरची. मतलब नाही हां, तो अरबी, ‘तलब’वाला, आमच्याकडच्या एका निवृत्त मास्तरांना तीन गणपती झाले सांगतोय तरी त्यांचं आपलं ‘मतावरून मतलब’ चालूच. उपनिषदात क्रमच दिलाय, आधी श्रवण मग मनन. कानावर घ्या, माहिती करून घ्या, मग एकटे बसून घोळवा, त्यातून उरेल ते मत. परवा कणकवलीत टपरीवर चुलतभावाला विचारलं, बारसूच्या रिफायनरीबद्दल तुझं मत काय रे, तर मोबाईल काढून म्हणतो, “थांब, तुका धाडतंय”, म्हणजे दुसऱ्याचा फॉरवर्ड. अरे हे श्रवण झालं! आणि हेच लोक वर ‘मी मतदान दिलं’ म्हणतात. दान एकदा झालं ना, मग परत ‘दिलं’ कशाला? मत द्या नाहीतर मतदान करा.

आता कौल. हा अरबी क़ौल, बोललेला शब्द, दिलेलं वचन. कव्वाली पण यातूनच आली! पूर्वी पडीक जमीन कसायला घेणाऱ्या रयतेला सरकार अभयाचा कौल द्यायचं, आणि आपल्याकडे कोकणात तोच शब्द थेट गाभाऱ्यात गेला. गुरव ओले कळे (फुलांच्या कळ्या) देवाच्या पाषाणावर चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात आणि मग कुठल्या बाजूचा कळा आधी सुटतो इकडे डोळे लावून बसतात, उजवा पडला की काम झालं. म्हणजे बघा, कौल लावतो माणूस, देतो देव. माझं म्हणणं (कोशवाल्यांना पटो न पटो) निवडणुकीतला कौल वचनाच्या अर्थाचा नाहीच, तो या देवळातूनच गेलाय. त्या हिशोबाने मतदार पाषाणाच्या जागी, उमेदवार हात जोडून खाली. टीव्हीवाले मात्र ‘मतदारांनी कौल लावला’ अशी पट्टी फिरवतात. लावला नाही हो, दिला!

फक्त कळा विचार करून पडत नाही, मतदाराने करायचा असतो, म्हणून कौल आणि मत एक नाही. बाकी ‘वोट’चं राहिलंच, त्याचं मूळ लॅटिनमधलं वोटुम, म्हणजे नवस. घ्या, तो पण देवळाच्या पायरीवरचाच निघाला.