वाचकांचे प्रश्न : योरुबा देवता आणि कृष्णवर्णीय चित्रकार

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाच्या धर्मपरंपरेतून स्फुरलेल्या चित्रांविषयी गेल्या अंकात या सदरात एक टिपण दिले होते. त्यावर ठाणे व नवी मुंबई परिसरातील वाचकांनी आवर्जून पत्रे पाठवली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी उपयोजित कलेचे शिक्षण घेते. मोबाइलवर अशी चित्रे पाहताना सोने, पाणी, कवड्या, दुधारी कुऱ्हाड असे बरेच काही दिसते, पण चित्रातली व्यक्ती कोण हे कळत नाही. ओळखायचे कसे? (एक विद्यार्थिनी, घणसोली)

उत्तर : आपल्या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी, कारण चित्रातले दैवत ओळखता आले नाही तर ते चित्र नुसते देखणे वाटते आणि आपण पुढे सरकतो. योरुबा लोक मुख्यत्वे नैर्ऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिन व टोगो या देशांत राहतात. त्यांच्या श्रद्धेनुसार सर्वांच्या वर ओलोदुमारे हा परमेश्वर आहे आणि त्याची मूर्ती सहसा घडवली जात नाही. माणसांच्या रोजच्या जगण्याशी ज्यांचा संबंध येतो त्या देवतांना ओरिशा म्हणतात आणि चित्रांत आपल्याला भेटतात त्या बहुतेक याच. ओबाताला हा माणसांचे देह घडवणारा. त्याचा रंग पांढरा. शांगो हा ओयो या जुन्या योरुबा राज्याचा राजा, मृत्यूनंतर देवपदाला पोहोचलेला, मेघगर्जनेचा आणि विजेचा स्वामी. त्याचे रंग लाल आणि पांढरा, आणि आपण पाहिलेली दुधारी कुऱ्हाड त्याचीच. ओगुन लोखंडाचा देव असल्यामुळे लोहार, शिकारी आणि आता मोटारचालकही त्याला मानतात. ओशून ही ओशोग्बो गावाजवळून वाहणाऱ्या नदीची देवी. पितळ, मध, पिवळा रंग आणि आरसा ही तिची चिन्हे. नायजेरियात येमोजा ओगुन नावाच्या नदीची देवी आहे, आणि अटलांटिकपलीकडे गेल्यावर ती समुद्राची माता झाली; म्हणून अमेरिकेतल्या चित्रांत ती निळ्या-पांढऱ्या लाटांसह दिसते. चौरस्त्यावर उभा असलेला, लाल आणि काळ्या रंगांतला एशू हा देव आणि माणसे यांच्यामधला निरोप्या आहे.

चिन्हे ओळखल्यानंतर चित्रातल्या मस्तकाकडे पाहावे. जन्माला येण्यापूर्वी प्रत्येक जीव स्वर्गात आपले मस्तक, म्हणजेच आपले प्राक्तन, स्वतः निवडतो आणि ही मस्तके घडवणारा आजाला नावाचा एक कुंभार आहे, अशी योरुबा समजूत आहे. या आतल्या मस्तकाची पूजाही होते. प्रत्यक्ष माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतके असते, तर योरुबा काष्ठशिल्पात ते बहुधा चौथ्या हिश्श्याइतके मोठे कोरतात. शरीरशास्त्र ठाऊक नसल्यामुळे असे घडले, असे लिहिणारे जुने युरोपीय अभ्यासक साफ चुकले होते. आजच्या चित्रांतही मोठे केलेले कपाळ, मण्यांनी मढवलेला मुकुट, तेजोवलयासारखी केशरचना दिसली, तर चित्रकाराने त्या व्यक्तीचे प्राक्तन रंगवले आहे असे समजून चित्र वाचावे. बऱ्याचदा अर्थ लागतो.

प्रश्न : हे देव नायजेरियाचे, मग क्यूबा आणि ब्राझीलच्या चित्रकारांनी ते का रंगवले? (निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : कारण ते देव माणसांबरोबर गुलामांच्या जहाजांतून तिकडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस ओयोचे बलाढ्य राज्य कोसळले, त्यानंतरच्या युद्धांत असंख्य योरुबा माणसे कैद झाली आणि क्यूबाच्या उसाच्या मळ्यांसाठी व ब्राझीलच्या बाहिया प्रांतासाठी विकली गेली. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये आणि ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. तिथे या माणसांचा सक्तीने बाप्तिस्मा होत असे. त्यांनी आपल्या देवांची पूजा कॅथलिक संतांच्या आडून चालू ठेवली. क्यूबातल्या या धर्माला सान्तेरिया आणि ब्राझीलमधल्या धर्माला कान्दोम्ब्ले म्हणतात. लाल वस्त्र नेसलेल्या आणि विजेशी नाते असलेल्या संत बार्बरेत क्यूबातल्या लोकांना शांगो दिसला. पुरुषदेव स्त्रीसंताच्या वेशात पुजला गेला, आणि याची कोणा भाविकाला अडचण वाटली नाही. ज्यांच्याकडून नाव, भाषा आणि मुलेबाळेसुद्धा हिरावून घेतली गेली त्यांनी देव हिरावू दिले नाहीत. या चित्रांमधली कृष्णवर्णीय अस्मिता इथून येते, आणि म्हणून त्यांतला धर्म बाजूला काढून उरलेल्या चित्राविषयी बोलणे मला पटत नाही.

या संदर्भात विफ्रेदो लाम (१९०२ ते १९८२) या क्यूबन चित्रकाराचे काम अवश्य पाहावे. वडील चिनी, आईच्या घराण्यात आफ्रिकी आणि स्पॅनिश रक्त, आणि धर्ममाता मान्तोनिका विल्सन ही सान्तेरियातली नावाजलेली पुजारीण. लाम स्पेनमध्ये शिकला, १९३८ मध्ये पॅरिसला जाऊन पिकासोला भेटला, आणि जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्यावर तिथून निसटून १९४१ मध्ये मायदेशी परतला. ज्या आफ्रिकी मुखवट्यांकडे पॅरिसचे चित्रकार नव्या आकारांचा साठा म्हणून पाहत होते, ते लामच्या धर्ममातेच्या घरातल्या श्रद्धेचे भाऊबंद होते. १९४३ मध्ये पूर्ण झालेले त्याचे ‘जंगल’ हे जवळजवळ आठ फूट उंचीचे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यात मुखवट्यांसारखे चेहरे असलेल्या आकृती उसाच्या कांड्यांमध्ये अशा मिसळल्या आहेत की पाय कुठला आणि कांडे कुठले हे चटकन समजत नाही. उजवीकडे वर एका हातात कात्री आहे. नाव जंगलाचे असले तरी तिथे ऊस आहे, आणि ऊस जंगलात उगवत नाही. तो लावला गेला, आणि ज्यांच्या पाठीवर आसूड ओढून लावला गेला त्यांची नातवंडे-पतवंडे लामच्या काळातही त्याच मळ्यांत राबत होती. लामच्या चित्रांत घोड्याच्या तोंडाची स्त्री पुन्हा पुन्हा येते. ज्याच्या अंगात ओरिशा येतो तो भक्त त्या देवाचा घोडा होतो, अशी सान्तेरियातली धारणा आहे. खंडोबाचे वारे अंगात आलेली माणसे ज्यांनी जेजुरीला पाहिली आहेत, त्यांना ही स्त्री विचित्र वाटणार नाही.

ब्राझीलमध्ये रुबेम वालेंतिम (१९२२ ते १९९१) याने शांगोची कुऱ्हाड आणि इतर चिन्हे त्रिकोण, वर्तुळ, बाण अशा शुद्ध भौमितिक आकारांत आणली. आब्दियास दो नासिमेंतो याची वाट वेगळी. १९४४ मध्ये कृष्णवर्णीयांची नाट्यसंस्था काढणारा हा कार्यकर्ता १९६८ मध्ये अमेरिकेत गेला, ब्राझीलमधल्या लष्करी राजवटीमुळे तिथेच अडकला, आणि परक्या भाषेत बोलण्यापेक्षा ओरिशांची चित्रे रंगवणे त्याला अधिक जवळचे वाटले.

प्रश्न : आमच्या इमारतीत एक योरुबा कुटुंब राहते. मी आपले टिपण त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवले, तेव्हा ते म्हणाले की आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या घरात हे काही नसते. मग ही चित्रे म्हणजे परदेशस्थांचा कल्पनाविलास आहे का? (गृहिणी, खारघर)

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांनी खरे तेच सांगितले. आज बहुसंख्य योरुबा माणसे ख्रिस्ती किंवा मुस्लिम आहेत आणि एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसे असणे तिथे सर्रास आढळते. ओरिशांची उपासना मात्र थांबलेली नाही. ओशोग्बो येथील ओशूनच्या राईला २००५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, आणि तिथल्या वार्षिक उत्सवाला नाना धर्मांचे लोक जमतात.

नायजेरियातल्या चित्रकारांपुढचा प्रश्न मुळात वेगळा होता. आयना ओनाबोलू (१८८२ ते १९६३) याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच युरोपीय पद्धतीची व्यक्तिचित्रे काढून दाखवली, कारण आफ्रिकी माणसाला हे जमणारच नाही असे राज्यकर्ते म्हणत होते. पुढे झारियाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी १९५८ मध्ये आपली संस्था काढली आणि युरोपीय तंत्र व देशी परंपरा यांतले जे उत्तम ते घेऊन आपले काही घडवायचे ठरवले. त्यांतला युसुफ ग्रिलो (१९३४ ते २०२१) मला विशेष प्रिय आहे. त्याने लागोसच्या चर्चसाठी रंगीत काचांच्या खिडक्या केल्या, आणि त्याच्या तैलचित्रांतल्या उंच, शांत योरुबा स्त्रिया निळीत रंगवलेल्या कापडासारख्या गर्द निळाईत उभ्या असतात. तिथे एकही ओरिशा नसेल, तरी डोक्याला बांधलेल्या वस्त्राची घडी, मानेची ठेवण आणि तो निळा रंग यांवरून माणसे कुठली ते कळते. वारसा चित्रात येतो तो कधी असाही.

साठच्या दशकात ओशोग्बोमध्ये उली आणि जॉर्जिना बायर या युरोपीय दांपत्याने भरवलेल्या कार्यशाळांतून ट्विन्स सेव्हन-सेव्हन या नावाने ओळखला जाणारा चित्रकार आणि मण्यांची चित्रे करणारा जिमो बुराइमो असे कलावंत पुढे आले. परदेशी माणसांनी अशिक्षित तरुणांकडून आपल्याला हवी तशी ‘आफ्रिका’ काढून घेतली, असा आक्षेप या कार्यशाळांवर घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मात्र ट्विन्स सेव्हन-सेव्हनची भुताखेतांनी, जुळ्यांनी आणि नदीच्या देवतांनी गच्च भरलेली रेखाटने पाहिल्यावर, ही दुनिया त्याला कोणी बाहेरून शिकवली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. १९८९ मध्ये इफे या योरुबा नगरीच्या विद्यापीठातल्या मोयो ओकेदिजी व त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले: योरुबा नक्षी आणि मातीचे रंग हाच त्यांनी आपल्या चित्रांचा पाया मानला.

प्रश्न : मायकेलअँजेलोच्या चित्रात कृष्णवर्णीय स्त्रिया बसवल्या की नवे चित्र होते का? मला ती नक्कल वाटते. (सेवानिवृत्त अभियंता, ऐरोली)

उत्तर : आपला रोख बहुधा हार्मोनिया रोझालेस हिच्या २०१७ मधल्या चित्राकडे आहे. क्यूबन वंशाच्या या अमेरिकन चित्रकर्तीने व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावरील ‘आदमची निर्मिती’ या जगप्रसिद्ध भित्तिचित्राची मांडणी तशीच ठेवून देव आणि आदम या दोघांच्या जागी कृष्णवर्णीय स्त्रिया रंगवल्या. नक्कल करणारा मूळ चित्राच्या मोठेपणात वाटा मागतो. रोझालेस त्या चित्राला जाब विचारते, की देवाने माणूस आपल्यासारखा घडवला असेल तर देवाला एकच वर्ण का? हा प्रश्न मूळ मांडणी न घेता इतक्या थेटपणे विचारता आला नसता. तिच्या पुढच्या चित्रांत बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या जागी ओशून उभी राहते, आणि तिथे तर अदलाबदल आणखी चपखल बसते, कारण ओशून ही खरोखरच पाण्याशी, प्रेमाशी आणि सौंदर्याशी जोडलेली देवी आहे.

या प्रश्नाला इतिहासही आहे. १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक योरुबांच्या इफे या पवित्र नगरीत गेला. तिथली अप्रतिम मस्तकशिल्पे पाहून ती आफ्रिकी माणसांनी घडवली असतील हे त्याला मान्य करवले नाही, आणि दंतकथेतल्या बुडालेल्या अटलांटिस बेटावरच्या ग्रीक वसाहतीचे हे अवशेष आहेत असे त्याने जाहीर केले. १९३८ मध्ये इफेतच एका घरासाठी खोदकाम चालू असताना धातूची आणखी मस्तके सापडली. ती साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांतली असून स्थानिक कारागिरांनीच ओतलेली आहेत, यावर आता अभ्यासकांचे दुमत नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या हातांचे श्रेय असे काढून घेतले गेले, त्या समाजातल्या चित्रकर्तीने युरोपच्या सर्वांत मानाच्या छतावर आपले चेहरे रंगवले, तर तिला तो हक्क आहे असे मी मानतो.

प्रश्न : अशा चित्राची छापील प्रत घरात लावावी असे वाटते, पण हा जादूटोण्याचा प्रकार आहे असे नातेवाईक म्हणतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : निश्चिंतपणे लावावी. मिशनऱ्यांनी एशूला सैतान ठरवले आणि पुढे चित्रपटांनी आफ्रिकी वंशाच्या सगळ्याच धर्मांना बाहुल्या-टाचण्यांचा खेळ करून टाकले; आपल्या नातेवाइकांचे मत तिथून आले असावे. योरुबांच्या इफा या भविष्यकथनाच्या पद्धतीत २५६ मुख्य भाग असून प्रत्येकात असंख्य पद्यकथा आहेत, त्या पाठ करायला पुजाऱ्याला वर्षानुवर्षे लागतात, आणि २००५ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून तिचा गौरव केला आहे. मात्र प्रत लावताना चित्रातले दैवत कोणते ते माहीत करून घ्यावे, म्हणजे पाहुण्यांना सांगता येईल.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. मुलांची इंटरमिजिएट परीक्षा झाली की या विषयावर काही करून घेता येईल का? आफ्रिकी मुखवटे करावेत असा विचार आहे. (कलाशिक्षिका, कळवा)

उत्तर : मुखवटे करू नयेत, असे मी सुचवीन. योरुबांचे गेलेदे मुखवटे मातांच्या आणि वृद्ध स्त्रियांच्या सामर्थ्याला वंदन करण्यासाठी नाचवले जातात, एगुंगुनच्या संपूर्ण अंग झाकणाऱ्या वेशात पूर्वज परत येतात असे मानतात. पुठ्ठ्याच्या रंगीत मुखवट्यांत यातले काहीच उरत नाही आणि मुलांच्या मनात ‘आफ्रिका म्हणजे भीतिदायक तोंडे’ एवढेच राहते.

त्याऐवजी आदिरे कापड करून घ्यावे. अबेओकुटा आणि परिसरातल्या स्त्रिया कापडावर कसाव्याच्या पिठाची खळ पिसाने किंवा पत्र्याच्या साच्याने लावतात, ती वाळली की कापड निळीत बुडवतात, आणि खळ धुतल्यावर तिथली नक्षी फिकी उमटते. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. वर्गात मैद्याची घट्ट खळ करून तीत थोडी तुरटीची पूड घालावी, सुती कापडावर काडीने नक्षी काढून ती पूर्ण सुकू द्यावी, वरून कापडावर चालणारा गडद निळा अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशने लावावा, तो नीट वाळल्यावर कापड कोमट पाण्यात भिजवून खळ खरवडून काढावी. सुकलेल्या खळीला तडे जातात आणि त्यांतून रंग शिरतो. त्या बारीक रेषा खोडायला मुलांना सांगू नये. काम सुरू करण्यापूर्वी ग्रिलोची दोन-तीन चित्रे मोठ्या पडद्यावर दाखवावीत, म्हणजे तो निळा रंग कुठून आला ते मुलांना आधी दिसेल. कापूरबावडीच्या कलाभवनात किंवा शाळेच्याच सभागृहात ही कापडे मांडणार असाल, तर प्रत्येकाखाली मुलाच्या नावाबरोबर आदिरे आणि अबेओकुटा ही नावेही लिहावीत.