बल्गेरियात आठ दिवस आणि सोबत आई: कोणते डोंगर निवडावेत?

तुमची यादी वाचली. सप्टेंबरचे आठ दिवस, सोबत पासष्टीच्या आई, तुम्ही सह्याद्रीत फिरलेले, दोघंही शाकाहारी. आणि एवढ्यात रिला डोंगरातली सात तळी, पिरिन डोंगराच्या पायथ्याचं बान्स्को गाव, रोडोपीची डोंगररांग, वर काळा समुद्र! समुद्र आधी खोडा. तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, जाण्यायेण्यातच दोन दिवस जातील.

मी राजधानी सोफियात नोकरीला आहे आणि सुट्टी मिळाली की डोंगरात असतो. माझं ऐकाल तर मुक्काम पिरिनमध्ये टाका, त्याला रोडोपी जोडा. रिला वेळ उरला तर.

रिला वाईट नाही हो. पण सोफियाहून एका दिवसात तळी आणि रिलाचा मठ दोन्ही उरकणाऱ्या सहली मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. तळी डोंगराच्या एका अंगाला, मठ दुसऱ्या. निम्मा दिवस गाडीत जातो. तळ्यांसाठी चेअरलिफ्ट आहे, ती २,१०० मीटरच्या आसपास सोडते. पुढे मात्र पायवाट चढते, आणि शनिवार-रविवारी लिफ्टची रांग बघूनच परत फिरावंसं वाटतं. आईंसाठी मठच बरा. १८३३च्या आगीनंतर नव्याने बांधलेला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, ओवरीभर भित्तिचित्रं. दोन तास आरामात जातात.

आता पिरिन. सोफियाहून बान्स्कोला बस तीनेक तासांत पोचवते, पण जाताना तरी सेप्तेम्व्री गावाहून सुटणारी नॅरोगेज गाडी घ्या. १२५ किलोमीटरला पाच तास लावते, आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीणच. आव्रामोवोच्या चढणीवर रूळ स्वतःभोवतीच वळसे घेतात, आत्ताच मागे टाकलेली लाइन खिडकीतून खाली दिसते. आव्रामोवो १,२६७ मीटरवर आहे, बाल्कनमधलं, म्हणजे युरोपच्या या आग्नेय भागातलं, सर्वांत उंच रेल्वे स्टेशन.

बान्स्कोहून विह्रेन हिझापर्यंत डांबरी रस्ता आहे. हिझा म्हणजे डोंगरातली मुक्कामाची झोपडी. बंक बेड, सूप आणि चहा मिळतो. ही १,९५० मीटरवर आहे. वाटेत बाइकुशेवचा पाइन लागतो, सुमारे १,३०० वर्षांचा. गाडीतून उतरून आईंना तो जरूर दाखवा. हिझाच्या वरच्या अंगाची जवळची तळी त्यांनाही सावकाश जमतील. वाट दगडांवरून जाते, तेव्हा चपला नकोत, बूट हवेत.

तुम्ही मात्र विह्रेन शिखर करा. २,९१४ मीटर. रिलातलं मुसाला त्याहून फक्त ११ मीटरने उंच आहे आणि बाल्कनमधलं सर्वोच्च म्हणून मिरवतं, पण मजा विह्रेनलाच. वरचा डोंगर संगमरवराचा आहे. पाणी मुरून जातं, त्यामुळे वर झरा नाही. बाटल्या खालीच भरा. सकाळी उन्हात तो दगड इतका पांढराफटक चमकतो की गॉगलशिवाय डोळे उघडे ठेवणं अवघड. चढायला साधारण तीन तास. पुढची कोंचेतो धार मात्र अरुंद आहे, दोन्ही बाजूंना कडा आणि धरायला लोखंडी दोर. आई खाली वाट बघत असताना ती सोडाच. दुपारी वीज-पाऊस येऊ शकतो, म्हणून पहाटे निघा.

रोडोपीला मात्र गाडी भाड्याने घ्या, कारण खेड्यांकडे बस मोजक्याच. बान्स्कोहून दोस्पातमार्गे त्रिग्रादला उतरा. तिथली घळ इतकी चिंचोळी की रस्ता, नदी आणि कडे एकमेकांना खेटून चालतात. सैतानाच्या घशात, म्हणजे तिथल्या गुहेत, नदी कोसळते आणि दिसेनाशी होते. ग्रीक कथेतला ऑर्फियस इथूनच पाताळात उतरला असं गावकरी सांगतात. गुहेतून बाहेर येणारा जिना उभाच्या उभा आहे. आईंना प्रवेशाच्या बोगद्यातून आवाज ऐकवून त्याच वाटेने परत आणा. पुढे शिरोका लाकात दगडी घरं आणि लोकसंगीताची शाळा आहे. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांसोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीत या रोडोपीतलंच एक लोकगीत आहे.

जेवणाची चिंता नको. तारातोर म्हणजे दही, काकडी, लसूण, अक्रोड घातलेलं थंड सूप. रोडोपीत पातातनिक मागा: किसलेला बटाटा, कांदा, पुदिना, बहुधा चीज, अंडं चालत नसेल तर आधी विचारा. घेवड्याच्या सुपात कधी मांस असतं, म्हणून ‘बेझ मेसो?’ (मांसाशिवाय?) एवढं पाठ करा. उत्तरादाखल मान आडवी हलली तर ते ‘हो’ असू शकतं. तोंडी ‘दा’ (हो) ऐकल्याशिवाय चमचा उचलू नका.

१ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, तेव्हा शेंगेन व्हिसा काढा. २०२६ पासून चलनही युरो. हिझावर कार्ड चालेलच असं नाही, सुट्टे युरो जवळ असू द्या. गाडीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या.