पहिल्याच बुडीत गडद निळा मागू नका

कपडा फिकट आला म्हणून निळीच्या आंबवलेल्या कुंडात लगेच आणखी सुकुमो (निळीची कुजवलेली पानं) घालू नका. आधी वरचा फेस बघा. जांभळट-निळा, दाट फेस असेल तर कुंड जिवंत आहे. जपानी रंगारी त्याला ‘आइ नो हाना’, म्हणजे निळीचं फूल, म्हणतात. फूल मावळलं असेल तर आतले जिवाणू उपाशी आहेत. थोडा गव्हाचा कोंडा शिजवून, गार करून घाला, हलक्या हाताने ढवळा. पीएच १०.५च्या आसपास हवा. उतरला असेल तर चुना द्या. थंडीत कुंडाला ऊब हवीच.

माझं पहिलं कुंड मी हावरेपणाने घालवलं. रोज सहा-सात कपडे बुडवले, आठवड्यात ते थकलं. जपानमधल्या तोकुशिमाचे कारागीर निळीची वाळलेली पानं ओली करून, उलथून-पालथून सुमारे १०० दिवस कुजवतात, तेव्हा सुकुमो होतो. इतक्या मेहनतीचा सुकुमो वाया गेला म्हणून फार वाईट वाटलं होतं मला.

कपड्याची खळ काढा, पूर्ण भिजवून पिळा, मग हळूच आत सरकवा. हवेचा बुडबुडा अडकला की तिथे डाग पडतो. बाहेर काढल्यावर कपडा हिरवट दिसतो आणि हवा लागून डोळ्यांदेखत निळा होत जातो. शिबोरीच्या (कपडा दुमडून-बांधून रंगवण्याच्या जपानी पद्धतीच्या) घड्यांत हवा पोचत नाही, त्या बोटांनी उघडून धरा. वीस मिनिटांच्या एका बुडीपेक्षा दोन-दोन मिनिटांच्या दहा बुड्या द्या, प्रत्येक वेळी हवा दाखवून.

आणि निळीत काम करणाऱ्या जपानी कलाकार फुकुमोतो शिहोको यांची कामं जरूर बघा. गडद निळा पांढऱ्यात कसा विरत जातो, तिथेच नजर ठेवा.