वाचक विचारतात: डोक्यातलं चक्र थांबत नाही

प्रश्न: ताई, अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. घरी आलो तरी साहेब काय बोलले, हप्ता कसा भरायचा, हेच डोक्यात फिरतं. बायको म्हणते, डोंगरावर जाऊन या. फरक पडतो का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: पडतो, वहिनींचं ऐकाच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात, झाडीतून दीड तास चाललेल्यांचं तेच ते उगाळणं कमी झालं. रहदारीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांचं नाही. तेव्हा हायवेलगतचा फेरफटका यात धरू नका. तुम्हाला पांडवलेणी जवळ. पायऱ्यांवर दम लागला की साहेब आपोआप मागे पडतात. वर तीन नंबरच्या लेण्यात ओसरीखालच्या तुळया खांद्यावर पेलणारे यक्ष बघा. जवळजवळ दोन हजार वर्षं त्यांची शिफ्ट सुटलेली नाही! मोबाईल खिशातच ठेवा. रात्रपाळीहून थेट मात्र जाऊ नका, आधी झोप.

हप्ता डोंगर भरणार नाही. त्यासाठी बँकेत जाऊन बोला. दोन आठवडे झोप, भूक उडालेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.