शंभर जीबीची डिस्क आली, मग जुन्या चळतीचं काय?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीसारखीच दिसणारी पण कितीतरी जास्त डेटा मावणारी डिस्क, जून २०१० मध्ये तिचं बीडीएक्सएल नावाचं मानक ठरलं आणि त्यापाठोपाठ १०० जीबीच्या कोऱ्या डिस्का बाजारात आल्या, त्यामुळे घरचा बॅकअप घेणाऱ्या सगळ्यांनाच घाई झालेली दिसते. एकसारखे प्रश्न गाळून पाच घेतलेत.

प्रश्न : सर, घरचे फोटो आणि मुलीच्या लहानपणापासूनचे व्हिडिओ मिळून साधारण ३०० जीबी डेटा झालाय. आत्तापर्यंत सगळं डीव्हीडीवर राइट करत आलो, ७० च्या वर डीव्हीडी झाल्यात आणि कुठल्या डीव्हीडीत काय आहे हे आता मलाच सांगता येत नाही. १०० जीबीची डिस्क म्हणजे तीन डिस्कात काम फत्ते. २०१० च्या आधी घेतलेला ब्लू-रे रायटर आहे माझ्याकडे, त्यात चालेल ना?

उत्तर : नाही हो चालणार. हेच सगळ्यात आधी सांगतो कारण बऱ्याच जणांनी डिस्क आधी घेतलीये आणि पत्र नंतर लिहिलंय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

कारण जरा समजून घ्या. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा लाल ६५० चा आणि ब्लू-रेचा निळसर जांभळा ४०५ चा. पेनाचं टोक जितकं बारीक तितक्या जास्त ओळी एका पानावर बसतात, तसंच आहे हे, सीडीवर दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन होतं, डीव्हीडीत ०.७४ झालं आणि ब्लू-रेत ०.३२. आता १०० जीबीच्या डिस्कमध्ये पेन तेच आहे, ओळीही तेवढ्याच अंतरावर आहेत, पण अक्षरं आणखी चिकटून लिहिलीत आणि पानं एकाखाली एक अशी तीन आहेत. साध्या ब्लू-रेत एका थरावर २५ जीबी बसतात, इथे ३३.४ बसवलेत. तुमच्या जुन्या रायटरला ही चिकटलेली अक्षरं वाचता येत नाहीत आणि तिसऱ्या थराशी त्याची ओळखच नाही. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून जमेल का असं तिघांनी विचारलंय, त्या भरवशावर राहू नका. ड्राइव्हवर बीडीएक्सएल असं लिहिलेलं असेल तरच चालणार. चार थरांची १२८ जीबीचीही डिस्क या मानकात आहे, तिलाही तोच ड्राइव्ह लागतो.

पण मी तुमच्या जागी असतो तर ड्राइव्ह बदललाच नसता. आहे त्या रायटरवर २५ जीबीच्या डिस्का आरामात चालतात, तुमचा सगळा डेटा १३ डिस्कांत बसतो, ७० च्या जागी १३ काही वाईट नाहीत. आणि मोठ्या डिस्कचा एक तोटा कोणी बोलत नाही. एक डीव्हीडी खराब झाली तर एखादा वाढदिवस जातो, १०० जीबीची एक गेली तर मुलीची बालवाडी ते चौथी सगळं एकदम जातं. मोठी डिस्क घ्यायचीच असेल तर प्रत्येकीच्या दोन प्रती काढायच्या आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवायची, एकाच कपाटात दोन प्रती ठेवून काय उपयोग.

प्रश्न : पाकिटावर १०० जीबी आणि कॉम्प्युटरवर ९३. सात जीबी कुठे गेले? फसवणूक आहे का ही?

उत्तर : नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, बहुतेक कॉम्प्युटर १०२४ च्या. म्हणूनच ४.७ ची डीव्हीडी ४.३८ दाखवते आणि २५ ची ब्लू-रे २३.३. वरच्या पत्रातल्या वाचकांनी तीन डिस्क म्हटलंय, त्यांना चार लागल्या असत्या.

प्रश्न : सात-आठ वर्षांपूर्वीच्या माझ्या निम्म्या सीडी आता उघडतच नाहीत, व्यवस्थित कव्हरमध्ये ठेवल्या होत्या तरी. नव्या डिस्का किती वर्षं टिकतील ते नक्की सांगा.

उत्तर : नक्की आकडा मी काय, कोणीच देऊ शकत नाही. पाकिटावरचा आकडा हा डिस्क जास्त उष्णतेत आणि दमट हवेत ठेवून, त्यावरून काढलेला अंदाज असतो, तेवढी वर्षं कोणी थांबून पाहिलेलं नाही.

तुमच्या सीडी का गेल्या ते सांगता येईल. सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझर तो जाळून खुणा करतो, आणि हा रंग ऊन आणि उष्णतेने हळूहळू बिघडतो. दुसरं म्हणजे सीडीचा डेटा खालच्या चकचकीत बाजूला आहे असं सगळे समजतात, तो असतो वर, लेबलच्या अगदी खाली, मध्ये फक्त वार्निशचा पातळ थर. मी स्वतः एके काळी हौसेने छापील कागदी लेबलं चिकटवायचो सगळ्या सीडींवर, वर्षभराने एक लेबल सुटायला लागलं म्हणून ओढलं तर खालची चांदी लेबलासकट निघून आली आणि सीडी चक्क आरपार दिसायला लागली. त्यात माझ्या एका सहलीचे सगळे फोटो होते. तेव्हापासून लेबल बंद, डिस्कसाठीचं पाण्याच्या शाईचं मऊ मार्कर, तेही मधल्या पारदर्शक गोलावर.

डीव्हीडीत डेटा दोन पातळ चकत्यांच्या मध्ये दडलेला असतो म्हणून ती वरून जरा सुरक्षित. ब्लू-रेचं परत उलटं, तिचा डेटा वाचायच्या बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. वर कडक लेप दिलेला असतो खरा, पण म्हणून टेबलावर तोंडावर टाकायची नाही. विकत घेताना एलटीएच लिहिलेली ब्लू-रे दिसली तर बॅकअपसाठी टाळा, तिच्यातही सीडीसारखा सेंद्रिय रंग असतो. नेहमीच्या ब्लू-रेत असेंद्रिय पदार्थ असतात, त्यांना उजेडाचा त्रास कमी.

आणि टिकण्याचा खरा उपाय कंटाळवाणा आहे : दर दोन-तीन वर्षांनी डिस्क काढून वाचून बघायची, कुरकुर करायला लागली की लगेच नवीन प्रत. उघडेनाशी झाल्यावर धावपळ करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

प्रश्न : एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क असताना हा डिस्कांचा उद्योग कशाला?

उत्तर : रोजच्या कामाला हार्ड डिस्कच घ्या, वाद नाही. पण ती पडते, आणि व्हायरस आला तर जोडलेल्या हार्ड डिस्कवरही जातो, चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते तिथूनही जातं. एकदाच लिहिता येणारी डिस्क पुसताच येत नाही, हाच तिचा मोठा गुण. त्यामुळे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे आरई लिहिलेली डिस्क बॅकअपला घेऊ नका, तो गुणच जातो मग. आणि १०० जीबी लिहायला वेळही लागतो, २एक्स, म्हणजे दुप्पट वेगाला तीन तास, ४एक्सला दीड, वर व्हेरिफायला, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायला, जवळपास तेवढाच वेळ वेगळा. व्हेरिफायची टिकमार्क कंटाळा करून काढू नका. राइट सक्सेसफुल असा मेसेज आला म्हणजे लिहून झालं, नीट लिहिलं गेलं की नाही ते वाचल्याशिवाय कळत नाही, आणि जमलं तर वाचायचं दुसऱ्या ड्राइव्हवर, कारण कधी कधी ज्याने लिहिलं त्यालाच ते वाचता येतं. मोठे व्हिडिओ असतील तर राइट करताना यूडीएफ ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत निवडा, नाहीतर ४ जीबीच्या वरची फाइल अडते.

प्रश्न : सगळं नवीन डिस्कवर घेतल्यावर जुन्या डीव्हीडी टाकून देऊ का? घरात रागावतात.

उत्तर : नवीन डिस्कच्या दोन्ही प्रती वाचून झाल्यावरच. वाचत नसलेली डीव्हीडीही लगेच टाकू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकात अडलेली दुसऱ्यात उघडते असं पुष्कळदा होतं, आधी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. टाकायच्याच असतील आणि आत बँकेचे वगैरे कागद असतील तर कापून टाका, पण नुसती कात्री लावली तर तुकडे डोळ्यात उडतात, जुन्या फडक्यात गुंडाळून कापा.